'डॉ. कोटणीस की अमर कहानी' : शेवटच्या प्रवेशाची चिकित्सा

बखर, करीना, शकावली व पोवाडा यांची छाननी करण्याची आपल्या संशोधकांस संवय आहे. बोलपटाची छाननी करण्याची नाहीं. त्यामुळें प्रस्तुत लेखाचा विषय पाहून कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील, हें मी धरूनच चाललों आहें. परंतु बखरीचें लक्षण तरी काय? गोष्ट घडून गेल्यावर कांहीं काळानें, कोणाच्या तरी सांगण्यावरून, एक हेतु मनांत धरून रचलेलें, मुळाशीं खरें पण अंगावर अलंकार चढविलेलें कथन. व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरानें १९४६ सालीं काढलेल्या 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' या बोलपटास हें लक्षण अक्षरशः लागू पडतें. राजवाड्यांनीं बखरींची झडती घेतली, तेव्हां बखरींचें मोल नाहींसें झालें नाहीं, तें निश्चित झालें. तशीच झडती या बोलपटाची घेणें सोलापूर जिल्ह्यांतील अभ्यासकांस तरी अवश्य आहे, कारण डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्याविषयीं आमच्याकडील सामान्य माणसास जें ठाऊक आहे, त्यांतला बराच भाग या पटांतून आलेला आहे, कागदांतून नव्हे.

पटाचा आधार म्हणजे ख्वाजा अहमद अब्बास यांचें १९४४ सालचें इंग्रजी पुस्तक. मुख्य घटनाक्रम निर्विवाद आहे. कोटणीसांचा जन्म सोलापुरास १० ऑक्टोबर १९१० रोजीं झाला. वैद्यकाचें शिक्षण मुंबईस झालें. जपाननें चीनवर चाल केली असतां राष्ट्रसभेनें १९३८ सालीं पांच वैद्यांचें पथक चीनला धाडलें, त्यांत डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. कोटणीस, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे होते. चोळकर नागपूरचे, कोटणीस सोलापूरचे. म्हणजे पांचांत दोन आपल्याकडचे. १९४१ सालीं बेथ्यून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचें प्रमुखपद कोटणीसांकडे आलें, त्याच वर्षीं क्वो छिंगलान या परिचारिकांच्या शिक्षिकेशीं त्यांचा विवाह झाला, १९४२ च्या ऑगस्टांत मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या झटक्यांनीं त्यांचें देहावसान झालें. वय अवघें बत्तीस. पटांत या मृत्यूस प्लेगच्या सांथीची जोड दिलेली आहे. सांथीशीं झुंजतांना नायकाचें शरीर खचतें असें दाखविलें आहे. हा अलंकार झाला, आणि तो क्षम्य आहे. वीराला वीरासारखें मरण यावें अशी लोकांची अपेक्षा असते व बखरकार ती पुरवितो. याबद्दल मी शांतारामांशीं भांडणार नाहीं.

माझें भांडण शेवटच्या प्रवेशाशीं आहे. मरणोन्मुख नायक आपल्या चिनी पत्नीस स्वतःच्या गांवाकडची वाट सांगतो. तूं अशी जाशील, अमुक पाहशील, घरचीं माणसें तुला अशीं भेटतील. तो सांगत असतांना व सांगून गेल्यावर पडद्यावर ती तान्हें मूल घेऊन त्याच वाटेनें चालते आणि सोलापूरच्या घरीं पोंचते. करुणरसाचा इतका नेमका परिपाक त्या काळच्या दुसऱ्या पटांत क्वचित् सांपडेल. जयश्रीबाईंनीं हा प्रसंग फार संयमानें वठविला आहे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. पण संस्कृत व्याकरण शिकलेल्या माणसास येथें एक गोष्ट खटकल्यावांचून राहत नाहीं. नायक बोलतो तें लृट् लकारांत, म्हणजे साध्या भविष्यकाळांत. पट तें घडून गेल्याचें दाखवितो, म्हणजे तो भूतकाळ होतो. आणि इतिहासाला येथें हवा आहे लृङ् लकार. क्रिया घडावयाची होती पण घडली नाहीं, याला आपले वैयाकरण क्रियातिपत्ति म्हणतात. कोटणीस जगते तर छिंगलान सोलापुरास सून म्हणून येती, इतकेंच इतिहासास म्हणतां येतें. छिंगलानबाई पतीच्या मृत्यूनंतर चीनमध्येंच राहिल्या. पुढें त्या भारतांत अनेकदां आल्या, पण पाहुण्या म्हणून. २०१२ सालीं त्या चीनमध्येंच वारल्या. मुलाचें नांव यिनह्वा. त्यांतील 'यिन' म्हणजे भारत व 'ह्वा' म्हणजे चीन. तो वैद्यकाचें शिक्षण घेत असतां १९६७ सालीं ऐन तारुण्यांत गेला.

एका नाटकी शेवटाचा एवढा बाऊ कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें, कीं हा प्रवेश केवळ कोटणीसांच्या घराविषयीं बोलत नाहीं. चिनी माणसाला आमच्या उंबरठ्याच्या आंत जागा आहे काय, या प्रश्नाचें तो उत्तर देतो, व तें उत्तर इतकें गोड आहे कीं त्यानंतर तो प्रश्न पुन्हां कोणी विचारलाच नाहीं. वास्तविक तो विचारण्याची सोय जवळच होती. राजकमलचा कलागार परळास. तेथून माझगांव तें किती दूर? त्या माझगांवांत नबाब तलावाच्या रस्त्यावर चिनी लोकांचें एक देवालय १९१९ सालापासून उभें आहे. क्वांगतुंग प्रांतांतील सी यिप, म्हणजे 'चार परगणे', येथून जहाजांवर कामास आलेल्या लोकांनीं तें बांधलें. कोंकणांतून गिरणीकामास आलेले लोक जसे मुंबईंत गांवाच्या नांवानें एकेक खोली धरीत, सण व वर्गणी गांवाच्या नांवानें करीत, तोच हा प्रकार. देवळांतील मुख्य देव क्वान कुंग. हा तिकडील तीन राज्यांच्या झगड्यांतला, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभास मारला गेलेला सेनापति. मागाहून लोकांनीं त्याचा देव केला. ज्या जिल्ह्यांत वेशीवेशीला वीरगळ आहेत व त्यांना शेंदूर लागतो, तेथल्या माणसास हा देव समजावून सांगण्याची गरज नाहीं.

असे चिनी लोक हांकेच्या अंतरावर असतां पटांतील सेनापति फोंग झाले बाबुराव पेंढारकर, व चिंग लान झाल्या जयश्रीबाई. नटनटींच्या कौशल्याचा हा प्रश्न नव्हे. पडद्यावरचा चिनी हा रंगविलेला मराठी माणूस आहे, म्हणून त्याला घरांत घेणें सोपें गेलें, एवढेंच माझें म्हणणें आहे. खऱ्या चिनी माणसाशीं आपला संबंध कसा आला, हें पाहावयाचें तर पडदा सोडून दप्तराकडे वळावें लागतें.

त्यांतलें सर्वांत मनोरंजक प्रकरण महाबळेश्वरचें. १८२९ सालीं छत्रपति प्रतापसिंहांकडून खंडाळा गांवाच्या मोबदल्यांत महाबळेश्वरची जागा इंग्रजांनीं घेतली व तेथें माल्कम पेठ वसविली. डोंगरावर मजूर मिळेनात. त्या काळीं जन्मठेपेचे हिंदी कैदी सिंगापूर, मलाक्का, पिनांग इकडे पाठवीत, आणि तिकडचे चिनी व मलायी कैदी इकडे आणीत. माणूस आपल्या मुलखापासून तुटला म्हणजे पळून जात नाहीं, असा त्यांतील हिशेब. अशा चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग महाबळेश्वरास होता व तो १८६४ सालीं बंद झाला. सातारा जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरांत त्यांची हकीकत आहे. त्यांनीं रस्ते केले, आरारूट तयार केलें, इंग्रजी भाज्या व बटाटे पिकविले, वेताच्या टोपल्या व खुर्च्या विणल्या. उन्हाळ्यांत साहेबाच्या टेबलावर जी ताजी भाजी जाई ती या लोकांच्या हातची. तुरुंग उठल्यावर त्यांतले कांहीं तेथेंच राहिले. आज त्यांची एकच उघड खूण उरली आहे, ती म्हणजे 'चायनामन' हें नांव धारण करणारा धबधबा. त्याच्या काठीं त्यांचे मळे होते.

धबधबा पाहावयास येणाऱ्या माणसांची संख्या मोठी आहे. चायनामन कोण, असें विचारणाऱ्यांची फार थोडी. आपल्या स्थलनामांच्या अभ्यासांतहि हें नांव उपेक्षितच आहे. संस्कृत व्युत्पत्ति देतां येत नाहीं अशा नांवांकडे आमच्या पंडितवर्गाचें लक्ष जात नाहीं, आणि त्या वर्गांतला मीहि आहें. परंतु या कैद्यांच्या बाबतींत जें घडलें तें समजण्यासारखें आहे. मराठी समाजानें परक्यास सामावून घेतलें नाहीं असें नाहीं. त्याची रीत मात्र ठरलेली होती. कोंकण किनाऱ्यावर आलेले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून ते शनिवार तेली झाले. त्यांना एक धंदा, एक नांव व गांवांत एक जागा मिळाली. ते मराठी बोलूं लागले, त्यांच्या बायका मराठी पद्धतीनें लुगडें नेसूं लागल्या, आणि त्यांचा धर्म त्यांच्यापाशीं राहिला. या व्यवस्थेचे दोष मला ठाऊक आहेत. ज्याला जागा मिळाली त्याला ती सोडतां येत नसे. तरी जागा होती. महाबळेश्वरचे चिनी मात्र गांवगाड्यांत शिरले नाहींत, ते आले सरकारच्या बेडींतून व राहिले साहेबाच्या बागेच्या आश्रयानें. बलुत्यांत त्यांचें नांव नाहीं, अलुत्यांत नाहीं. पेठ बदलली तसे ते विरून गेले.

ग्रंथांतला चीन मात्र आमच्याकडे केव्हांचाच घरांत आलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत चीनपट्ट आहे, कालिदासाच्या शाकुंतलांत चीनांशुक आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत तर यवन, शक, द्रविड यांच्या पंक्तीला चीन बसविलेले आहेत. ते मूळचे क्षत्रिय, क्रियालोपानें पतित झालेले, असा निवाडा. ते चीन म्हणजे आजचे चिनी कीं हिमालयापलीकडील दुसरीच कोणी जमात, याबद्दल वाद आहे. पण स्मृतिकाराची दृष्टि पाहण्याजोगी आहे. परका म्हणून त्यानें त्यांना सोडलें नाहीं. आपल्याच चौकटींत घेतलें, फक्त खालच्या पायरीवर. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत फिरंग रोगावर चोपचिनी सांगितली आहे. पोर्तुगिजांनीं आणलेल्या रोगावर चीनचें औषध, व तें संस्कृत श्लोकांत! दालचिनी, चिनीमाती, चहा हे शब्द आपण रोज वापरतों. वस्तूला आपण कधीं परकी म्हटलें नाहीं. माणसाची गोष्ट वेगळी.

ती वेगळी कशी, हें १९६२ सालीं दिसून आलें. २० ऑक्टोबरास चीननें सरहद्दीवर हल्ला चढविला आणि महिन्याभरांत एकतर्फी युद्ध थांबविलें. त्या महिन्यांत व पुढें भारतांतील चिनी वंशाच्या सुमारें तीन हजार माणसांस राजस्थानांतील देवली येथील छावणींत नेऊन ठेवण्यांत आलें. त्यांत म्हातारे होते, बाळंतिणी होत्या, शाळेंतलीं मुलें होतीं. बहुतेक आसाम, दार्जिलिंग, शिलाँग या बाजूचे. चहाच्या मळ्यांवर, सुतारकामांत, जोडे करण्यांत वा लहान दुकानांत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या असे. कोणी छावणींतून चीनला रवाना झाले, कोणी १९६७ पर्यंत आंतच होते. हीच ती देवली, जेथें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्रजांनीं जयप्रकाश नारायण व कॉम्रेड डांगे यांना डांबलें होतें. स्वतंत्र भारताला नवी जागा शोधावी लागली नाहीं. मुंबईचे चिनी या छावणीच्या तडाख्यांतून बव्हंशीं वांचले, तरी परकीय म्हणून नोंदणी, व ठरल्या पत्त्यापासून चोवीस तासांहून अधिक दूर राहावयाचें तर परवानगी, हे निर्बंध त्यांच्याहि मागें होते. पुष्कळ कुटुंबें पुढें कॅनडा, ऑस्ट्रेलिया इकडे निघून गेलीं.

या निर्बंधांच्या आदेशांतील चिनी वंशाची व्याख्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. जो स्वतः, किंवा ज्याचे आई-बाप यांपैकीं कोणी, किंवा ज्याचे आजे-आज्या यांपैकीं कोणी, कधीं काळीं चीनचा नागरिक होता, तो चिनी वंशाचा. आमच्या श्राद्धांत पिता, पितामह, प्रपितामह असे तीन पुरुष घेतात. सरकारनें दोन पिढ्यांवर भागविलें, पण मातृपक्षहि सोडला नाहीं. आतां बोलपटाच्या शेवटाकडे पुन्हां पाहावें. तेथें चिंग लान जें मूल कडेवर घेऊन सोलापूरच्या घरांत शिरते, तें १९४२ च्या ऑगस्टांतलें. पट म्हणतो तें खरें झालें असतें, आणि तो मुलगा सोलापुरास वाढला असता, तर १९६२ च्या नोव्हेंबरांत त्याचें वय वीस असतें. त्याची आई चिनी. त्या व्याख्येच्या अक्षराप्रमाणें तो चिनी वंशाचा ठरता. कोटणीसांचा मुलगा म्हणून कोणी अधिकाऱ्यानें डोळेझांक केली असती, असें आपण समजूं; पण ती कृपा झाली असती, हक्क नव्हे. आणि ज्या मुलाचा बाप प्रसिद्ध नव्हता, त्याच्यासाठीं ती कृपाहि नव्हती. आसामांत चिनी बाप व हिंदी आई अशीं कितीएक घरें होतीं. त्यांची ताटातूट कशी झाली, हें रीता चौधरी यांनीं 'माकुम' या २०१० सालच्या असमिया कादंबरींत विस्तारानें वर्णिलें आहे. जॉय मा व दिलीप डिसूझा यांनीं २०२० सालीं देवलीवर लिहिलेलें इंग्रजी पुस्तक तर अधिकच महत्त्वाचें. त्यांतील जॉय मा यांचा जन्मच छावणींतला.

यावर एक आक्षेप येईल, व तो क्षुल्लक नाहीं. युद्ध चालूं होतें, सीमेवर आपले जवान बर्फांत मरत होते, शत्रूच्या हेरांची भीति खोटी नव्हती. अशा वेळीं राज्यानें सावधपणा दाखविला तर त्यांत वावगें काय? सावधपणास माझी हरकत नाहीं. प्रत्येक माणसाची चौकशी करून संशयितास अटकावून ठेवणें हा राज्याचा अधिकार आहे. परंतु येथें गुन्हा माणसाचा पाहिला गेला नाहीं, आजोबाचा पाहिला गेला. अमेरिकेनें १९४२ सालीं आपल्या जपानी वंशाच्या लोकांस असेंच छावण्यांत कोंडलें होतें. पुढें १९८८ सालीं कायदा करून तिनें त्याबद्दल क्षमा मागितली व भरपाई दिली. कॅनडांत स्थायिक झालेल्या देवलीच्या बंदिवानांनीं आपल्या सरकारापाशीं तशीच मागणी केली, तीहि पैशाची नव्हे, दोन शब्दांची.

दुसरा आक्षेप कलेच्या बाजूनें. १९४६ सालीं १९६२ कोणास ठाऊक होतें? शांतारामांवर भविष्य न जाणण्याचा दोष कसा ठेवतां येईल? तो मी ठेवीत नाहीं. त्या वेळीं स्वातंत्र्य दाराशीं आलें होतें, चीन व भारत या दोन दुःखी राष्ट्रांनीं हातांत हात घ्यावा ही भावना खरी होती, आणि ज्या कलावंतानें ती भावना एका स्त्रीच्या घरवापसींत साकार केली, त्याची दृष्टि उदारच म्हटली पाहिजे. माझा आरोप पटावर कमी व पट पाहणारांवर अधिक आहे. पटानें चिनी सून दाखविली. आपण त्यावरून आपल्या औदार्याचा दाखला घेतला व तो जपून ठेवला. महाबळेश्वरचा मळेवाला, माझगांवचा खलाशी, दारोदार रेशमाचें गांठोडें घेऊन हिंडणारा फेरीवाला, मुंबईकरांचे दांत बसविणारा चिनी दंतवैद्य यांना त्या दाखल्यांत कोठेंच जागा नाहीं. कोटणीसांनीं चीनला जें दिलें त्याचें आपण ऋण मोजतों, आणि तें मोजावें. चिनी माणसांनीं या प्रांतांत जें काम केलें त्याची मोजणी अद्याप झालेली नाहीं. सोलापुरास कोटणीसांच्या घराचें स्मारक झालें आहे, चीनचे पाहुणे तेथें येतात, फुलें वाहतात, छायाचित्रें निघतात. तें योग्यच आहे. तेथें भिंतीवर आणखी एक पाटी महाबळेश्वरच्या कैद्यांविषयीं असावयास हरकत नाहीं, असें मला वाटतें. पण ही सूचना कोणास रुचेल असा भरंवसा नाहीं.

जातां जातां एक गोष्ट. आमच्या मोडनिंबासारख्या गांवींहि, पुणें-सोलापूर रस्त्यालगत, संध्याकाळीं 'चायनीज'च्या तांबड्या गाड्या उभ्या राहतात. मंच्युरियन म्हणून जो पदार्थ तेथें मिळतो, तो मंचुरियांत कोणी खात नाहीं. कलकत्त्यास जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी पाकपटूनें तो १९७५ च्या सुमारास मुंबईंत प्रथम केला, अशी प्रसिद्धि आहे. म्हणजे हा पदार्थ जातीनें चिनी व जन्मानें मुंबईकर. त्याला कोणी आजोबा विचारला नाहीं. गाडीवरचा पोरगा माढें तालुक्यांतला असतो. लसणीचा ठेंचा जरा जास्त घालतो व त्याला शेजवान म्हणतो. वस्तु घरांत व माणूस बाहेर, ही चीनांशुकापासूनची आपली चाल अजून मोडलेली नाहीं.

या विषयावर पुढील काम करूं इच्छिणाऱ्यांसाठीं दोन दिशा सुचवितों. महाबळेश्वरच्या तुरुंगाविषयींचे मुंबई सरकारच्या न्यायखात्याचे पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारांत पाहावे; कैद्यांची नांवें, शिक्षेची मुदत व सुटकेनंतरचा ठावठिकाणा यांचा शोध तेथें घ्यावा. दुसरें, माल्कम पेठेच्या आसपासच्या बागाइती जमिनींचे १८६४ नंतरचे फेरफार व पाहणीखर्डे तपासून त्यांत परकी नांवाचे खातेदार कोण, हें काढावें. त्या भागांतील जुन्या कुटुंबांपाशीं असे कागद असल्यास त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. माझगांवच्या देवळांतील वर्गणीच्या पाट्या चिनी लिपींत आहेत. चिनी जाणणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकानें त्यांचे ठसे घेऊन नागरी लिप्यंतरासह प्रसिद्ध केले, तर या त्रैमासिकास तो लेख शोभून दिसेल.